जग वाचवायचं की जमवायचं?

'कॅप्टन अमेरिका : सिव्हिल वॉर' हा चित्रपट २०१६ साली आला. त्यात स्टीव्ह रॉजर्स ऊर्फ कॅप्टन अमेरिका फरार असतो. सरकार मागावर, जिवलग मित्र संशयित, निम्मे सहकारी उलटलेले. अशा धावपळीत शॅरन कार्टर नावाची तरुणी त्याची जप्त झालेली ढाल गाडीच्या डिकीत घालून आणून देते. ढाल घ्यावी, आभार मानावेत आणि पळावं, एवढंच काम. पण दोघं घुटमळतात, एकमेकांकडे बघतात आणि भर घाईत चुंबन घेतात. पलीकडे जुन्या फोक्सवॅगन बीटलमध्ये दोन धिप्पाड वीर गुडघे पोटाशी घेऊन कोंबलेले आहेत. ते हा प्रकार काचेतून पाहतात, हसतात आणि 'झालं एकदाचं' अशी मान डोलावतात.

ही शॅरन कोण, तर पेगी कार्टरची भाची. पेगी म्हणजे दुसऱ्या महायुद्धाच्या काळातलं स्टीव्हचं पहिलं प्रेम. ती याच चित्रपटात वारते, स्टीव्ह तिच्या शवपेटीला खांदा देतो आणि त्यानंतर काही दिवसांतच ही डिकीजवळची भेट. चंद्रपूर-गडचिरोलीकडच्या एखाद्या घरात हा चित्रपट टीव्हीवर लागला आणि शेजारी आजी बसली असेल, तर तिला ढाल, करार, राजकारण काही कळलं नाही तरी नातं बरोबर कळतं. "तेरवी त होऊ द्याची होती," एवढंच ती म्हणेल. मार्व्हलच्या लेखकांकडे याला उत्तर नाही.

सुपरहिरोंच्या चित्रपटात प्रेमप्रकरण ओढूनताणून आणलेलं वाटतं का, हा वाद जगभर चालतो. त्या वादात झाडीपट्टीच्या माणसाला अजून कोणी बोलावलेलं नाही, आणि त्यामुळे वादाचं नुकसान होत आहे. झाडीपट्टी म्हणजे भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली हा धानाचा आणि जंगलाचा मुलूख. दिवाळीनंतर धान हातात आलं की गावोगाव मंडई म्हणजे जत्रा भरते, शंकरपट म्हणजे बैलांच्या शर्यती होतात आणि रात्री नाटक लागतं. होळीपर्यंत हा हंगाम चालतो. नाटक रात्री उशिरा सुरू होतं आणि कोंबडं आरवायच्या सुमारास संपतं. म्हणजे इथला प्रेक्षक एका बैठकीत जेवढं प्रेम, जेवढा विरह आणि जेवढं कुंकू पाहतो, तेवढं मुंबईच्या मल्टिप्लेक्सवाल्याच्या वाट्याला वर्षभरातही येत नाही. अडीच तासांत पॉपकॉर्न संपवून मत देणाऱ्यापेक्षा त्याचा अधिकार मोठाच मानायला हवा.

या उद्योगाची राजधानी गडचिरोली जिल्ह्यातलं वडसा. सरकारी कागदावर देसाईगंज, बाकी सगळीकडे वडसा. इथे नाटक कंपन्यांची ऑफिसं आहेत आणि ऑफिसांवर नाटकांची रंगीत पोस्टरं. गावचं मंडळ येतं, पोस्टर बघतं, कलाकारांची नावं विचारतं, भाव करतं आणि नाटक ठरवून जातं. या रंगभूमीवरच्या परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली, तेव्हा पाच हजारांवर प्रयोग आणि आठशे वेगवेगळ्या भूमिका अशी त्यांची नोंद देशभर छापून आली. आठशे भूमिका! हॉलिवूडमधला एखादा नट एका मुखवट्यावर दहा वर्षं काढतो आणि मुलाखतीत थकल्याचं सांगतो.

झाडीपट्टीच्या नाटकात प्रेमाचा प्रवेश कसा येतो ते जवळून पाहण्यासारखं आहे. मार्गशीर्षाची थंडी, संध्याकाळपासून जागा धरून अंथरलेल्या सतरंज्या, त्यावर ब्लँकेटात गुंडाळलेल्या म्हाताऱ्या आणि झोपलेली पोरं. कनातीबाहेर चहा आणि भजी. आत बगीच्याचा रंगवलेला पडदा पडतो. गडचिरोली जिल्ह्याचा जवळजवळ तीन चतुर्थांश भाग जंगल आहे, तरी प्रेम करायला कारंजं असलेला बगीचाच लागतो, कारण जंगलात कोणी प्रेम करायला जात नाही. जंगलात तेंदूपत्ता आणि मोहफुलं वेचायला जातात. नायक येतो. नायिका येते. दोघांची ओळख कदाचित त्याच संध्याकाळी मेकअपच्या खोलीत झालेली असते, कारण लांबलचक तालमींची इथे चैन नाही. सगळा भरवसा प्रॉम्प्टरवर. त्यामुळे नायकाचं नायिकेवर जिवापाड प्रेम असल्याचं सगळ्यांत आधी प्रॉम्प्टर सांगतो. पुढे बसलेल्या चार रांगांना ते स्पष्ट ऐकू जातं. मग नायक तेच, जरा अधिक भावनेने, मायक्रोफोनमध्ये सांगतो. तिचा होकारही पहिल्यांदा प्रॉम्प्टरच देतो. जगाच्या नाट्यपरंपरेत एकाच माणसाने दोन्ही बाजूंनी इतकं निःस्वार्थ प्रेम क्वचितच केलं असेल.

नंतर गाणं. नंतर नाच. नाचावर शिट्ट्या. आणि या सगळ्या काळात निम्मी मंडळी चहाला जाऊन येतात.

यात कोणाचीच फसवणूक नसते. हा भाग कशासाठी आहे, हे कंपनीला माहीत, मंडळाला माहीत, शिट्टी मारणाऱ्याला तर फारच माहीत. आणि तोच पडदा बदलून घराचा पडदा आला, बहीण भावाच्या दारात उभी राहिली किंवा नवऱ्यापुढे हात जोडून बायको आली, की बाहेरचे चहावाले ग्लास खाली ठेवून आत येतात. नवरगावच्या सदानंद बोरकरांच्या गाजलेल्या नाटकाचं नावच 'माझं कुंकू मीच पुसलं' असं आहे. शीर्षकातच स्त्री कर्ती आहे, तिच्या हातून काहीतरी भयंकर होणार आहे. अशी बाई कथेतून काढून टाकता येत नाही. बगीच्यातली काढता येते. झाडीपट्टीचा प्रेक्षक या दोघींत कधीच गोंधळ करत नाही, आणि गोंधळ नेमका तिथेच सुपरहिरोवाल्यांचा होतो.

मुळात 'प्रेम नंतर घुसवलं' ही तक्रार इतिहासाला धरून नाही. सुपरमॅन १९३८ साली 'अ‍ॅक्शन कॉमिक्स'च्या पहिल्या अंकात अवतरला आणि लोईस लेन त्याच अंकात अवतरली. म्हणजे उडणारा माणूस आणि त्याला भाव न देणारी बाई ही जोडी पहिल्या दिवसापासूनची आहे. कारणही साधं आहे. मुखवटा घालायचा तर तो कोणापासून तरी लपवावा लागतो. खलनायकापासून लपवण्यात मजा नाही, त्याला काय, तो ओळखो न ओळखो मारणारच. लपवायचं ते जिच्यापुढे मन मोकळं करावंसं वाटतं तिच्यापासून. क्लार्क केंट लोईसच्या शेजारच्या टेबलावर बसून तिच्या तोंडून सुपरमॅनची तारीफ ऐकतो, आणि सांगू शकत नाही. यात विनोद आहे, दुःख आहे आणि थोडा माजही आहे. या प्रकारातलं प्रेम त्या मुखवट्यातून आपोआप निघालेलं आहे.

फक्त या नायिकांच्या धंद्याबद्दल एक शंका राहते. लोईस लेन पत्रकार. 'मिस्टर इंडिया'तली सीमा पत्रकार. दूरदर्शनच्या 'शक्तिमान'मधली गीता विश्वास पत्रकार. तिघींनाही शतकातली सर्वांत मोठी बातमी हवी आहे आणि तिघींच्याही समोर ती बातमी चष्मा लावून किंवा पुढचे दात काढून बसलेली आहे. एकीलाही ती दिसत नाही. मूल किंवा चामोर्शीच्या तालुका वार्ताहराकडे हे काम दिलं असतं, तर दुसऱ्या दिवशी चौकोनी बातमी आली असती, फोटोसकट. किंबहुना वार्ताहराचीही गरज नाही. इकडच्या गावात कोणी मुखवटा लावून उडाला, तर तो जमिनीवर उतरायच्या आत कोणीतरी खालून म्हणेल, "हा त पाटलाचा मोठा होय, चप्पल नाई दिसत का?" गुप्त ओळख ही शहरी चैन आहे. खेड्यात माणूस चालीवरून, खोकल्यावरून आणि सायकलच्या आवाजावरून ओळखतात. तिथे सुपरहिरोला लपायला जागा नाही, म्हणून प्रेमात लपंडावालाही जागा नाही. मराठीत २०१५ साली निखिल महाजन यांचा 'बाजी' आला. श्रेयस तळपदे मुखवट्यात, अमृता खानविलकर नायिका, पार्श्वभूमी गावाची. गावात मुखवटा टिकवणं किती अवघड, याची कल्पना त्या लेखकांना आली असणारच.

लोईसकडे परत येऊ. १९७८ च्या 'सुपरमॅन'मध्ये भूकंपात तिची गाडी गाडली जाते आणि ती मरते. मानवाच्या इतिहासात ढवळाढवळ करायची नाही, असं बापाने बजावून सांगितलेलं असतं. हा ऐकत नाही. पृथ्वीभोवती गरागरा फिरून वेळ मागे नेतो आणि तिला परत आणतो. शास्त्रदृष्ट्या हा प्रकार कितपत शक्य आहे, हे विचारण्यात अर्थ नाही. प्रेमात पडलेला मुलगा बापाचं ऐकत नाही, एवढं शास्त्र त्यात पक्कं आहे. इथून लोईसला काढून टाकली तर चित्रपटाचा शेवट कोसळतो. याला घुसवलेलं म्हणता येत नाही.

आता 'थॉर' बघा. २०११ च्या पहिल्या चित्रपटात वीजदेवता थॉर पृथ्वीवर पडतो आणि जेन फॉस्टर नावाच्या शास्त्रज्ञेच्या गाडीला धडकतो. २०१३ च्या दुसऱ्या भागात तिच्यापायी देवलोकात उलथापालथ. २०१७ च्या तिसऱ्या भागात मात्र ती नाही. का नाही? न्यूयॉर्कच्या रस्त्यात भेटलेल्या दोन मुली थॉरसोबत सेल्फी काढतात आणि जाता जाता, जेनने सोडल्याचं ऐकून वाईट वाटलं, असं म्हणतात. संपलं. दोन चित्रपटांचं प्रेम एका सेल्फीत निकालात. आणि गंमत अशी की प्रेक्षकांना हा तिसरा भागच जास्त आवडला. जे प्रकरण एका वाक्यात सोडवता येतं, ते आधी चार तास कशाला दाखवलं, असा प्रश्न झाडीपट्टीचा माणूस तिकिटाच्या पैशांसकट विचारेल. (पुढे २०२२ मध्ये जेनला परत आणलं, हातोडा दिला आणि असाध्य आजारही दिला. तेव्हा कुठे तिला कथेत काम मिळालं. बाईला काम मिळवायला मरणाच्या दारात जावं लागणं हा प्रकार मात्र झाडीपट्टीला ओळखीचा वाटेल.)

त्याहून कठीण गोष्ट ब्लॅक विडो आणि हल्कची. २०१२ च्या 'अ‍ॅव्हेंजर्स'मध्ये त्यांच्यात प्रेमाचा मागमूस नाही. उलट ती त्याला घाबरते. २०१५ च्या पुढच्या भागात दोघं एकदम एकमेकांसाठी झुरू लागतात. मधल्या तीन वर्षांत काय झालं ते पडद्यावर नाही. कदाचित प्रॉम्प्टरला माहीत असेल. इथे प्रेक्षकाला राग येतो तो प्रेमाचा नाही. लग्न झाल्यावर पत्रिका मिळावी तसं वाटतं, म्हणून राग येतो.

हिंदीत परिस्थिती वेगळी, कारण हिंदी चित्रपटात गाणी आहेत आणि गाणी म्हटली की नायिका आली. १९८७ च्या 'मिस्टर इंडिया'त हा अडसर सलीम-जावेद आणि शेखर कपूर यांनी झकास वापरून घेतला. नायकाची शक्ती काय, तर अदृश्य होणं. मग पावसातल्या गाण्यात श्रीदेवी निळ्या साडीत ज्याच्याशी नाचते, तो बहुतेक वेळ दिसतच नाही. प्रेमगीतातून नायकच काढून टाकायचा आणि तरी ते प्रेमगीत राहायचं, ही करामत त्या शक्तीशिवाय जमली नसती. अनिल कपूर यांनी आक्षेप घेतला असता तरी पडद्यावर तो कोणाला दिसला नसता.

'क्रिश' (२००६) बद्दल नाक मुरडायची पद्धत आहे, पण त्यातलं प्रेम परीक्षेत उतरतं. आजीने नातवाला डोंगरात दडवून ठेवलंय, शक्ती कोणाला दाखवायची नाही असं वचन घेतलंय. प्रिया येते, प्रेमात पाडते, निघून जाते आणि पुढे स्वतःची नोकरी वाचवायला थापा मारून त्याला सिंगापूरला बोलावते. प्रिया नसती तर क्रिश डोंगरातच शेळ्यामेंढ्यांच्या संगतीत म्हातारा झाला असता. शिवाय आजी विरुद्ध प्रेयसी हा सामना आहे, आणि आजीच्या बाजूला रेखा. वडसाच्या कंपनीने हे नाटक बसवलं तर प्रियाचा प्रवेश दहा मिनिटांचा आणि आजीचा पाऊण तासाचा होईल.

मग 'ब्रह्मास्त्र'चं काय झालं? अयान मुखर्जी यांचा हा चित्रपट २०२२ च्या सप्टेंबरात आला, आणि यात प्रेम बाजूला ठेवलेलं नव्हतंच. शिवाच्या अंगातला अग्नी ईशावरच्या प्रेमाने पेट घेतो, असं कथेत स्पष्ट सांगितलंय. म्हणजे नियमाप्रमाणे नायिका काढली तर चूलच पेटणार नाही. तरीही सगळ्यांत जास्त कुरकूर प्रेमावरच झाली. दुर्गापूजेच्या मंडपात नजरानजर होते आणि पोरगी लगोलग त्याच्यामागे वाराणसीला, तिथून हिमालयात निघते. घरी काय सांगून निघाली, कोणाला विचारलं, परत कधी येणार, काही नाही. त्यात 'शिवा' या नावाचा तिच्या तोंडून इतका जप की त्यावर विनोद निघाले. प्रेमाला काम देऊन भागत नाही, त्याला थोडा वेळ मुरू द्यावं लागतं, हे यावरून दिसलं. प्रेम हे इंधन आहे असं पात्रांनी दर वीस मिनिटांनी सांगितलं, म्हणून पेटत नाही.

दक्षिणेकडच्या लोकांनी ही गाठ जास्त शहाणपणाने सोडवली. 'मिन्नल मुरली' हा बासिल जोसेफ यांचा मल्याळम चित्रपट २०२१ च्या नाताळात आला. गावातल्या शिंप्यावर वीज पडते आणि त्याला शक्ती मिळते. त्याचं प्रेमप्रकरण पहिल्या काही रिळांतच मोडतं, पोरगी दुसरीकडे लग्न ठरवते. पण त्याच रात्री गावातल्या आणखी एकावर वीज पडते: शिबू, चहाच्या टपरीवर काम करणारा, सगळ्यांनी वेडा ठरवलेला. त्याचं उषावर वर्षानुवर्षं प्रेम. ती परत येते तेव्हा तिची मुलगी आजारी असते आणि शिबू औषधपाण्यासाठी बँक लुटतो. गुरु सोमसुंदरम यांनी त्या माणसाच्या चेहऱ्यावर जे दाखवलंय, ते पाहताना प्रेक्षक खलनायकाच्या बाजूने कधी गेला हे त्यालाच कळत नाही. गावकरी लावतात त्या आगीत उषा सापडते आणि तिथून पुढे शिबूला थांबवणं कोणाच्याच हातात राहत नाही. चित्रपटातलं सगळं खरं प्रेम खलनायकाला दिलंय. जग वाचवणाऱ्याला वेळ नव्हता, जग जाळणाऱ्याला होता.

सिरोंचा तालुक्यात, प्राणहिता-गोदावरीच्या काठाला, तेलुगू घराघरात बोलली जाते. तिथल्या प्रेक्षकाला 'हनु-मान'साठी डबिंगची वाट बघावी लागली नसेल. प्रशांत वर्मा यांचा हा चित्रपट २०२४ च्या संक्रांतीला आला. अंजनाद्री नावाचं गाव, एक उनाड पोरगा, अंगात हनुमंताचं बळ. प्रेयसी आहे, तिच्या लग्नाबिग्नाचा विषय आहे, पण पोरावर खरा हक्क चालतो तो थोरल्या बहिणीचा. अंजम्मा. तीच रागावते, तीच पोसते, आणि गुंडांपुढे नारळ घेऊन तीच उभी राहते. नायक हनुमंताचा भक्त म्हटल्यावर प्रेमाला जरा मागच्या बाकावर बसवणंही सोयीचं. भाऊबीजेच्या सुमारास हंगाम सुरू करणाऱ्या झाडीपट्टीला हे गणित कोणी समजावून सांगायला नको.

आणि २०२५ च्या 'लोका'मध्ये तर भूमिकांची अदलाबदलच झाली. शक्ती कल्याणी प्रियदर्शनच्या चंद्राकडे. समोरच्या फ्लॅटमधला सनी तिच्या प्रेमात पडतो, घाबरतो, मागे मागे फिरतो आणि वाचवला जातो. जवळजवळ नव्वद वर्षं लोईस लेनांनी जे सोसलं, ते आता एका पोराला सोसावं लागतंय. जोडून आणलेलं पात्र पुरुष असलं की ते लगेच विनोदी वाटतं, आणि बाई असलं की 'लव्ह इंटरेस्ट' म्हणून पोस्टरवर येतं, यावर निर्मात्यांनी विचार करायला हरकत नाही.

प्रेम घुसवायची खोड एकट्या लेखकांना आहे असंही नाही. ताडोब्यात जाऊन यावं. १९५५ साली राष्ट्रीय उद्यान झालेल्या या जंगलाचं नावच तारू या गोंड वीरावरून पडलं अशी आख्यायिका आहे. तारू वाघाशी लढला, त्यात गेला आणि देव झाला. तलावाच्या काठी त्याचं ठाणं आहे, पौषात लोक दर्शनाला येतात. या कथेत नायिका नाही, गाणं नाही आणि आजवर एकाही भक्ताने तशी तक्रार केलेली नाही. पण त्याच जंगलातल्या वाघांना मात्र पर्यटक सोडत नाहीत. माया वाघीण आणि मटकासूर वाघ यांची 'जोडी' जिप्सीतल्या मंडळींनी इतकी रंगवली की ऐकणाऱ्याला पत्रिका जुळवून झाल्या असाव्यात असं वाटावं. वास्तवात नर-मादी काही दिवस एकत्र असतात, मग नर आपल्या हद्दीच्या फेरीला निघून जातो आणि पिल्लं वाढवायचं सगळं काम वाघिणीकडे. थॉरने तरी सेल्फीपुरता खुलासा केला होता. मटकासुराने तोही केला नाही.

पण चंद्रपूरच्या दंतकथांत बाईमाणूस नाही, असं समजण्याचं कारण नाही. शहर वसल्याचीच गोष्ट घ्या. गोंड राजा खांडक्या बल्लाळशहा बल्लारपुरात राहायचा. अंगभर फोड, नाना उपाय झाले, गुण नाही. एक दिवस तो शिकारीला गेला, तहान लागली, झरपट नदीच्या कोरड्या पात्रात एका खळग्यात पाणी दिसलं. तो प्यायला, हातपाय-तोंड धुतलं आणि घरी येऊन कधी नव्हे ते गाढ झोपला. सकाळी राणीच्या लक्षात आलं की जिथे पाणी लागलं तिथले फोड गेलेत. राजाच्या लक्षात आलं नव्हतं! तिने खोदून खोदून विचारलं, त्याला परत तिथे नेलं. गाळ काढला तर खडकात गाईची पाच पावलं, पाण्याने भरलेली. राजा बरा झाला आणि तिथे अंचलेश्वराचं स्थान झालं. पुढे एकदा राजाने पाहिलं की ससा कुत्र्याच्या मागे लागलाय. कुत्रा पुढे, ससा मागे. घरी येऊन राणीला सांगितलं. ही जागा साधी नाही, त्या धावेच्या रेषेवर कोट बांधा आणि शहर वसवा, असा सल्ला राणीने दिला. चांदा तसं वसलं.

आख्यायिका अशी आहे. राजाला रोग, राजाला दैवी पाणी, राजाला दृष्टान्त. सुपरहिरोला लागतं ते सगळं त्याच्याकडे. पण त्याचा अर्थ लावणारी राणी. ती नसती तर राजा रोज नवल बघून येऊन झोपला असता, आणि आज चंद्रपूरच्या जागी रान असतं. या गोष्टीत नवरा-बायकोचं एकही गाणं नाही, तरी एवढं खरं दाम्पत्य मार्व्हलच्या इतक्या चित्रपटांत शोधून सापडणार नाही: त्याने येऊन सांगायचं, तिने नीट ऐकायचं, आणि मग काय करायचं ते तिनेच ठरवायचं. त्याच घराण्यात पुढे राणी हिराई झाली. नवरा वीरशहा मारला गेला, तिने त्याची देखणी समाधी बांधली आणि राज्यही चालवलं. चंद्रपूरच्या माणसाला प्रेमकथेसाठी आग्र्याला जायची गरज नाही.

भीती वाटते ती पुढची. वीर बाबूराव शेडमाके यांच्यावर उद्या कोणी शंभर कोटींचा चित्रपट काढलाच, तर काय होईल? १८५८ साली त्यांनी गोंड तरुण जमवून अहेरी भागात इंग्रजांना सळो की पळो केलं, आणि २१ ऑक्टोबर १८५८ रोजी चांद्याच्या तुरुंगात त्यांना फाशी झाली. जंगलातली एक दुर्मीळ वस्तू खाऊन त्यांच्या अंगी अचाट बळ आलं होतं, अशी दंतकथा लोक अजून सांगतात. कोळी चावून शक्ती येणाऱ्या पोरापेक्षा ही सुरुवात कितीतरी दमदार. कथेत बाई हवी, तर अहेरीच्या जमीनदारीण लक्ष्मीबाई आहेत. त्यांनी इंग्रजांना मदत केली आणि बाबूराव पकडले गेले. कथा फिरवणारं याहून मोठं पात्र कुठून आणणार? पण निर्माता ते बघणार नाही. तो इंग्रजांच्या कॅप्टन क्रिक्टनला एक सोनेरी केसांची बहीण देईल, ती घोड्यावरून पडेल, बाबूराव तिला झेलतील आणि बगीच्याचा पडदा पडेल. पत्नी राजकुंवर घरी दिवा लावताना दोनदा दिसतील.

एक गोष्ट मात्र त्या मंडळींनी चित्रीकरणाआधी ध्यानात घ्यावी. चंद्रपूरला मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो आणि सुपरहिरो रबरी पोशाख घालून उडतात. इकडे भर दुपारी घराबाहेर पडणाऱ्याला ऊन लागू नये म्हणून दारातच अडवून खिशात कांदा ठेवायला सांगतात. नायिकेला हे एवढं एक वाक्य दिलं तरी ती एकदम घरची वाटेल आणि कथेतून हलवता येणार नाही. अडचण फक्त पोशाखाची आहे. त्याला खिसा नाही, आणि १९३८ पासून एकाही लेखकाने तो शिवून घेतलेला नाही.